गोदाम कुठे, गाडी कुठून

बेळगावचे घाऊक भाजी मार्केट कुठे असावे, या प्रश्नाने गेल्या काही वर्षांत शहराला चांगलेच दमवले आहे. किल्ल्याजवळ कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत भरणारे जुने मार्केट २०१९ मध्ये कंग्राळी रस्त्यावरच्या एपीएमसी आवारात गेले. २०२२ च्या सुरुवातीला बऱ्याच व्यापाऱ्यांनी तिथूनही बस्तान हलवले आणि गांधीनगरजवळ महामार्गालगत उभ्या राहिलेल्या खासगी मार्केटात ते गेले. मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली, परवान्यावरून रण माजले. गाळे कुणाचे, सेस कुणाला, मागे हात कुणाचा, यावर भरपूर बोलले गेले. मालाला आणि गाडीला या जागा किती पडतात, हा हिशेब मात्र कोपऱ्यातच राहिला.

खासबागेत उभे राहून तो हिशेब मांडला तर मौजेचा निघतो. येळ्ळूरच्या शिवारातली कोथिंबीर घेऊन निघालेला टेम्पो वडगाव-खासबागेच्या अंगानेच शहरात शिरतो. पण तो तिथे थांबत नाही. सारे शहर ओलांडून तो घाऊक मार्केटला जातो, तिथे सौदा होतो, आणि त्यातल्याच काही जुड्या किरकोळ विक्री करणाऱ्या बाईच्या बुट्टीतून, मालवाहू रिक्षाच्या भाड्यासकट, खासबागेच्या रविवारच्या बाजारात परत येतात. सकाळी ज्या रस्त्याने गेल्या त्याच रस्त्याने, थोड्या कोमेजून आणि बऱ्याच महाग होऊन. गोकाक, हुक्केरी, बैलहोंगलकडून येणाऱ्या मालाला महामार्गालगतची जागा सोयीची आहे. चोर्ला घाटाने गोव्याला निघणाऱ्या गाडीला पुन्हा शहर पार करावे लागते. म्हणजे एकच जागा एकाला जवळ, दुसऱ्याला लांब. मार्केट ‘मध्यवर्ती’ असावे असे सगळेच म्हणतात. मध्य कुणाचा, हे कुणी सांगत नाही.

हे पुस्तक या प्रश्नाचे आहे. अन्नाच्या साखळीत जी जी ठाणी लागतात, म्हणजे संकलन केंद्र, शीतकरण केंद्र, गोदाम, कारखाना, घाऊक बाजार, रेशन दुकान, ती कुठे असावीत आणि त्यांच्यामधली वाहतूक कशी लावावी, याचे एक शास्त्र दोनशे वर्षांत हळूहळू उभे राहिले आहे. मराठीत त्याची ओळख फारशी नाही. व्यवस्थापनाच्या वर्गात ते इंग्रजीतून शिकवले जाते, आणि तिथे उदाहरणे बहुधा परदेशातल्या सुपरमार्केटची असतात. ज्यांच्या मालावर हे सगळे चालते त्यांच्यापर्यंत ते पोहोचतच नाही.

सुरुवात एका शेतकऱ्यापासूनच झाली, हे मात्र सांगितले पाहिजे. योहान हाइनरिख फॉन ट्युनेन हा उत्तर जर्मनीतला जमीनदार. स्वतःच्या शेतीचे जमाखर्च वर्षानुवर्षे काटेकोर लिहून त्याने १८२६ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. सपाट मुलुखात मधोमध एकच शहर आहे असे धरले, तर त्याच्याभोवती पिकांची कडी तयार होतात, असे त्याने दाखवले. दूध आणि भाजी शहराला खेटून, कारण ती टिकत नाहीत. त्यानंतर जळाऊ लाकूड, कारण ते जड. धान्य त्यापलीकडे, आणि स्वतःच्या पायांनी चालत येणारी जनावरे सर्वांत लांब. शहापूर, वडगाव, अनगोळचे शिवार पाहिले की पहिले कडे अजून ओळखू येते. पण ट्रक आणि डांबरी रस्ता आल्यावर ही कडी फाटली. बेळगावची भाजी घाट उतरून शंभरहून अधिक किलोमीटरवर पणजीला जाते, आणि बेळगावच्या आडतीत आग्र्याचा बटाटा येतो.

दुसरे नाव आल्फ्रेड वेबरचे, साल १९०९. कारखाना कच्च्या मालाजवळ असावा की गिऱ्हाइकाजवळ? वेबर म्हणाला, वजन कुठे घटते ते पाहा. शंभर टन उसातून दहा-बारा टन साखर निघते. उरलेला बोजा गावोगाव हिंडवण्यात अर्थ नाही, म्हणून साखर कारखाना उसाच्या फडाजवळ हवा. उलट पावाचे. पीठ दाबून पोत्यात भरता येते, पाव फुगतो, जागा खातो आणि शिळा होतो, म्हणून बेकरी गिऱ्हाइकाच्या दाराशी. आमच्या कुंद्याचे कोडे याच सूत्राने सुटते: दूध आटून खवा होतो तो गावात, आणि खव्याचा कुंदा होतो तो शहरात.

वेबरच्या प्रश्नाचे उत्तर काढायचे एक जुने यंत्र आहे, तेही सांगण्याजोगे आहे. लाकडी फळीवर नकाशा चिकटवायचा. जिथे जिथे माल आहे तिथे भोक पाडायचे. प्रत्येक भोकातून एक दोरी खाली सोडून तिला त्या गावच्या मालाच्या प्रमाणात वजन बांधायचे, आणि वरची सगळी टोके एका गाठीत अडकवायची. गाठ सोडली की ती सरकत सरकत जिथे थांबते, ती एकूण वाहतूक सर्वांत कमी असलेली जागा. संगणकाने पुढे केले ते हेच, फक्त गावे शेकड्यांनी आणि गाठी अनेक. यंत्रातली गोम अशी, की एखाद्या गावाचे वजन बाकी सगळ्यांच्या बेरजेहून जास्त असेल, तर गाठ सरळ त्या गावाच्या भोकात जाऊन बसते. ज्याचा माल मोठा, त्याच्या दारात केंद्र. इथे गणित आणि तालुक्याचे राजकारण यांचा निकाल एकच लागतो.

पुढचा टप्पा दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे आला. अनेक गोदामे, अनेक दुकाने. कुठल्या गोदामाने कुठल्या दुकानाला किती माल द्यावा म्हणजे एकूण भाडे कमीत कमी होईल? सोव्हिएत रशियात कांतोरोविच १९३९ मध्ये या जातीच्या प्रश्नांना भिडला, अमेरिकेत हिचकॉकने १९४१ मध्ये तो नेमका मांडला, आणि १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिगने असे प्रश्न सोडवण्याची सिंप्लेक्स रीत दिली. त्यानंतरची मोठी उडी एका मराठी माणसाच्या नावावर आहे. ग्वाल्हेरमध्ये जन्मलेले, मुंबईच्या आयआयटीत शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये बेल लॅबमध्ये असताना अशा प्रचंड प्रश्नांसाठी वेगळ्याच वाटेची पद्धत शोधली. त्यांचे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. आपल्याकडे ते शाळेच्या भिंतीवरच्या शास्त्रज्ञांच्या तक्त्यातही दिसत नाही.

१९६४ मध्ये हाकिमीने प्रश्न रस्त्यांच्या जाळ्यावर आणला आणि तिथून दोन पंथ झाले. हा फरक नवख्या वाचकाने नीट पकडावा, कारण पुस्तकातला निम्मा वाद त्यावर आहे. एका सरळ रस्त्यावर चार गावे आहेत असे धरू. पहिले शून्य किलोमीटरवर, मग ४, ६ आणि २० किलोमीटरवर. रोजचे दूध अनुक्रमे १,०००, ३,०००, २,००० आणि ५०० लिटर. शीतकरण केंद्र एकच काढायचे आहे. एकूण वाहतूक कमीत कमी करायची तर केंद्र दुसऱ्या गावात. लिटरला किलोमीटरने गुणून बेरीज केली तर ती १६,००० येते. पण चौथ्या गावाला १६ किलोमीटर पडतात. उन्हाळ्यातल्या सकाळी कॅनमधले दूध तेवढी मजल मारताना नासू शकते. दुसरा पंथ म्हणतो, सर्वांत लांबच्याला कमीत कमी लांब पडू दे. मग केंद्र दहाव्या किलोमीटरवर, कुणालाच दहाहून जास्त अंतर नाही. बेरीज मात्र ४१,०००, म्हणजे अडीचपट. आणखी गंमत पाहा: चौथे गाव २० ऐवजी ५० किलोमीटरवर असते तरी पहिल्या पंथाचे उत्तर जागचे हलले नसते. लांबच्या गावाचे हाल त्या गणितात दिसतात, पण निकाल फिरवत नाहीत.

कोल्हापूरच्या ‘गोकुळ’ने, म्हणजे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाने, बिद्री, लिंगनूर, तावरेवाडी, गोगवे अशी शीतकरण केंद्रे उभी केली, ती या दोन पंथांमधली तडजोड आहे. मध्यवर्ती दुग्धशाळा एकच, पण चंदगडच्या डोंगरातले दूध तिथवर पोहोचण्याआधी वाटेत थंड होते. पुढे गावातच दूध थंड करणारे बल्क कूलर आले आणि गणितच बदलले. नासण्याची भीती गेली, की लांबचे गाव एकदम जवळ येते. यंत्राने अंतर कमी होत नाही, अंतराची किंमत कमी होते.

जागा ठरल्या की गाड्यांचा प्रश्न. डँट्झिग आणि रॅमसर यांनी १९५९ मध्ये पेट्रोलच्या टँकरांसाठी तो मांडला, १९६४ मध्ये क्लार्क आणि राइट यांनी व्यवहारात चालेल अशी सोपी युक्ती दिली. दोन गावांना दोन फेऱ्या करण्याऐवजी एकाच फेरीत जोडली तर किती वाचते ते काढायचे, आणि ज्यात जास्त वाचते ती जोडी आधी बांधायची. अचूक उत्तराचा हट्ट धरला तर संगणकही थकतो. पन्नास जागांमधून दहा निवडायच्या तर एक हजार कोटींहून जास्त पर्याय होतात. म्हणून या क्षेत्रात ‘बऱ्यापैकी चांगले आणि वेळेवर’ या उत्तराला मान आहे. १९८९ मध्ये सल्ही आणि रँड यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. गाड्यांच्या फेऱ्यांचा विचार न करता आधी गोदामाची जागा ठरवली, तर ती पुष्कळदा चुकते. आपल्याकडे क्रम नेमका तोच असतो. जागा आधी मिळते, बहुधा सरकारी पड जमीन किंवा कुणाची तरी गैरसोयीची जमीन, आणि गाड्यांनी नंतर जमवून घ्यायचे असते.

आपला स्वतःचाही एक पंथ आहे, आणि तो गणिती कमी, निरीक्षणाचा जास्त. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये नियमन केलेला कापूस बाजार सुरू झाला, तो देशातला पहिला. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, आणि १९३३ मध्ये धनंजयराव गाडगीळ व व्ही. आर. गाडगीळ यांची पुण्यातल्या फळांच्या व्यापाराची पाहणी प्रसिद्ध झाली. फळ कुठून येते, कोणाच्या हातांतून जाते, हा प्रश्न त्या काळात प्रत्यक्ष बाजारात जाऊन विचारणे ही नवलाईच होती. त्या परंपरेतून आपण एक शिकलो. भाडे म्हणजे नकाशावरचे अंतर नव्हे. त्यात हमाली, तोलाई, ताटकळणे, फुटलेला क्रेट, परतीची रिकामी गाडी हे सगळे असते, आणि ते शेतकऱ्याच्या पट्टीवर उतरते.

उसाचे उदाहरण मी या पुस्तकात मुद्दाम लांबवले आहे. दोन साखर कारखान्यांमध्ये किमान किती हवाई अंतर असावे, हे सरकार ठरवते. केंद्राची मर्यादा १५ किलोमीटर, महाराष्ट्रात २५. म्हणजे इथे जागेचा प्रश्न कायद्यानेच सोडवून टाकला आहे, तोही आकाशातून मोजून. नदी, घाट, पूल यांची त्यात गणती नाही. निपाणी-चिकोडी भागातला ऊस महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या कारखान्यांना दिसतो. तोडल्यावर दिवसभरात गाळला नाही तर त्याचे वजन आणि साखर दोन्ही उतरू लागतात. एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, ही कारखान्याच्या दारातली किंमत, म्हणून तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून कापला जातो. अनेक कारखाने सगळ्या उसाची सरासरी काढून तो सगळ्यांना सारखा लावतात. म्हणजे साठ-सत्तर किलोमीटरवरून आणलेल्या उसाच्या भाड्याचा वाटा कारखान्याच्या कुंपणाला लागून शेत असलेला शेतकरीही भरतो. कारखान्याच्या दृष्टीने गाळप वाढले. खर्च कमी करण्याचे जे गणित कारखाना सोडवतो, त्यातला मोठा खर्च त्याचा नाहीच.

माझे या विषयातले म्हणणे एवढेच आहे, आणि ते इथे स्पष्ट मांडलेले बरे. ‘कमीत कमी खर्च’ असे शब्द आले की लगेच विचारावे, कोणाचा? या एका प्रश्नाने अर्धी कोष्टके डळमळतात. गणित खोटे नसते. त्यात काय घालायचे ते माणूस ठरवतो.

सीमाभागात तर आणखी एक गोष्ट घालावी लागते: रेघ. जीएसटी येण्यापूर्वी, म्हणजे जुलै २०१७ च्या आधी, मोठ्या कंपन्या प्रत्येक राज्यात वेगळे गोदाम ठेवत, कारण राज्याबाहेर विकलेल्या मालावर केंद्रीय विक्रीकर लागे. त्या गोदामांच्या जागा ग्राहकांनी ठरवल्या नव्हत्या, करांनी ठरवल्या होत्या. कर गेला, गोदामे एकवटली, नाक्यावरच्या रांगा आटल्या. पण रेघ पुसली गेली नाही. कोविडच्या काळात कोगनोळी नाक्यावर अडलेली वाहने सर्वांनी पाहिली. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या तेव्हा गोव्यात भाजीची ओढाताण झाली, आणि तिथल्या फलोत्पादन महामंडळाची स्वस्त भाजीची दुकाने बेळगावच्या मालावर किती टेकलेली आहेत ते उघड झाले. सीमावाद तापला की सर्वांत आधी गाड्या थांबतात. दोन्ही बाजूंचे पुढारी भाषण करून घरी जातात, टोमॅटो मात्र ट्रकमध्ये असतो.

निपाणीकडे पाहिले की रस्ता शहराला कसा घडवतो ते दिसते. या गावाला आजही रेल्वे नाही. मिरजेहून बेळगावला जाणारा लोहमार्ग पूर्वेकडून गेला, आणि ‘चिकोडी रोड’ नावाचे स्टेशन चिकोडीपासूनही लांबच राहिले. निपाणीचा सारा व्यापार पुणे-बंगळूर रस्त्यावर वाढला. म्हणूनच १९८१ मध्ये तंबाखू शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली ठिय्या दिला तो त्याच रस्त्यावर, आणि गोळीबारात शेतकरी मारले गेले तेही तिथेच. तंबाखू हे अन्न नव्हे, पण वाहतुकीची नस कुठे आहे हे शेतकऱ्याला कुठल्याही प्राध्यापकाआधी कळले होते, त्याचा हा दाखला. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले, तेव्हा तीच नस पुन्हा दाबली गेली. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे होती. जमिनीत खोदलेली, बिनखर्चाची, पिढ्यान्‌पिढ्या चाललेली कोठारे. ती तिथे होती ती तिथल्या मातीमुळे. २००५ च्या पुराने ती बुडवली. स्वस्तात स्वस्त जागा आणि भरवशाची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अलीकडचे संशोधन आता मान्य करते. रस्ता बंद पडला तर काय, हा प्रश्न सोडवलेल्या नकाशात दोन-चार गोदामे ‘जास्तीची’ दिसतात. ती जास्तीची नसतात.

आज हा विषय का? एक कारण नासाडी. आयसीएआरच्या लुधियानास्थित संस्थेच्या २०१५ च्या पाहणीत फळे-भाज्यांचे काढणीनंतरचे नुकसान पिकानुसार ४.५८ ते १५.८८ टक्के निघाले. ऐकीव गप्पांमध्ये हा आकडा चाळीस टक्क्यांपर्यंत फुगवला जातो. पंधरा टक्केही काही कमी नाहीत. दुसरे कारण साधने. रस्त्यांचे नकाशे आता फुकट मिळतात, आणि दोन-तीनशे गावांचा प्रश्न साध्या लॅपटॉपवर सुटतो. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘अन्न चक्र’ ही प्रणाली जाहीर केली. जागतिक अन्न कार्यक्रम आणि दिल्ली आयआयटी यांनी मिळून रेशनच्या धान्याच्या वाहतुकीसाठी ती केली आहे, आणि ३० राज्यांत मिळून वर्षाला सुमारे २५० कोटी रुपये वाचतील असा सरकारचा अंदाज आहे. रेशनमध्ये हे जमले, कारण मागणी आधीच ठाऊक, धान्याचा मालक एक, आणि गहू-तांदूळ एका रात्रीत सडत नाहीत. भाजीच्या बाबतीत यातले एकही खरे नाही. ऑगस्ट २०२० मध्ये देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली. शेतमाल रेल्वेने जावा ही कल्पना उत्तमच आहे. पण रेल्वे स्टेशनपर्यंतचे पहिले वीस किलोमीटर आणि स्टेशनपासूनचे शेवटचे दहा यांचे काय, यावर तिचे यश टांगलेले असते.

तिसरे कारण आमच्या दाराशीच आहे. हलगा-मच्छे बायपास शहापूर-वडगावच्या सुपीक शिवारातून नेण्याला शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. बायपासमुळे ट्रकची मिनिटे वाचतात, आणि ती मिनिटे कोष्टकात मांडता येतात. ज्या जमिनीत बेळगावी बासमती आणि भाजी पिकते ती गेली, तर उद्या तोच माल किती लांबून आणावा लागेल, हा रकाना त्या कोष्टकात सहसा नसतो. तो असायला हवा, असे मला वाटते.

पुस्तक कसे वाचावे याबद्दल थोडे. दूध, ऊस, भाजी आणि रेशनचे धान्य हे चार माल निवडले आहेत, कारण चौघांचे नासणे वेगळे, मालक वेगळे, आणि म्हणून गणितही वेगळे. सूत्रे आहेत, पण प्रत्येक सूत्राआधी कागद-पेन्सिलीने सुटेल असे छोटे उदाहरण दिले आहे. बारावीच्या गणितापलीकडचे काही लागणार नाही. थंड साखळीची यंत्रे, निर्यात आणि शहरातली दहा मिनिटांत घरपोच देणारी दुकाने यांना फक्त स्पर्श केला आहे. शेवटच्या विषयाबद्दल कुतूहल असणाऱ्यांची निराशा होईल, पण तिथले हिशेब कंपन्या बाहेर येऊ देत नाहीत, आणि आडाखे बांधून पाने भरण्यात मला रस नव्हता. दूध संस्थांचे सचिव, बाजार समितीचे सदस्य, शेतकरी कंपन्या चालवणारी तरुण मंडळी आणि वाणिज्य-अभियांत्रिकीचे विद्यार्थी हे वाचक डोळ्यांसमोर ठेवले आहेत. दोन्ही राज्यांतले.

एक विनंती आहे. या विषयातली सगळ्यात मोठी अडचण गणिताची नाही, आकड्यांची आहे. कुठल्या गावातून, कुठल्या दिवशी, किती माल, किती भाड्याने गेला, हे आपल्याकडे सलग कुठेच नोंदलेले नाही. ते आहे ते आडतीतून मिळणाऱ्या पट्टीवर आणि उसाच्या बिलावर, आणि ते कागद सहा महिन्यांत चुलीत जातात. ते जपून ठेवा. गावातल्या दहा जणांच्या एका हंगामाच्या पट्ट्या एकत्र केल्या, तर मार्केट कुठे हवे यावर बोलायला पुढच्या बैठकीत तुमच्या हातात काहीतरी असेल.